हरवलेलं सुईचं टोक

लाँगआर्म मशीन घरी आली तेव्हा ती ठेवायची कुठे, याचाच घोर होता. सुरतेकडे रजया शिवणारा एक कारखाना बंद पडला. माझा भाऊ तिथं कामाला होता. त्यानं ती जुनी मशीन ट्रकमध्ये टाकून आर्णीला आणून दिली. साध्या शिलाई मशीनमध्ये सुई जागेवर असते आणि आपण कापड सरकवतो. हिचं उलटं. कापड दहा फुटी लोखंडी चौकटीवर ताणून बसवायचं आणि लांब मानेची ही मशीन दोन्ही मुठी धरून त्यावरून फिरवायची. आमची पुढची खोली तिनं भरून टाकली. पाहुणे आले की त्यांना स्वयंपाकघरात बसवावं लागायचं.

त्याआधी पंधरा वर्षं मी ब्लाऊज शिवत होते. मशीन आल्यावर गोधड्यांकडे वळले. लोक आईच्या, सासूच्या जुन्या साड्या आणायचे आणि मी त्यांवर वेली, पानं, लाटा काढून द्यायचे. नागपूरहून एक मेकॅनिक दोन दिवस येऊन शिकवून गेला होता. त्यानं सगळ्यात जास्त वेळ दोऱ्याच्या टेन्शनवर घालवला. वरचा दोरा आणि खालच्या बॉबिनचा दोरा सारख्या जोरानं ओढले गेले पाहिजेत, त्यांची गाठ कापडाच्या पोटात बसली पाहिजे, खाली फासे लोंबायला लागले की वरचा दोरा सैल आहे असं समजायचं. जाता जाता दारात चपला घालताना तो म्हणाला, "आणि ताई, सुई तुटली तर तुकडे जुळवून पाहायचे. नव्या सुईशेजारी ठेवायचे. लांबी पुरी भरली तरच मशीन चालू करायची. हे विसरायचं नाही."

दोन वर्षं मी विसरले नाही. तुटलेल्या सुया एका पत्र्याच्या डबीत टाकायचे, पण आधी जुळवून पाहायचे.

मग बोरी अरबजवळच्या तांड्यावरून एक बाई आल्या. साठीच्या आतबाहेरच्या, हातात मोठं गाठोडं. त्यांची बहीण आर्णीत राहते, तिच्याकडे माझी गोधडी त्यांनी पाहिली होती. गाठोड्यात धुऊन धुऊन मऊ झालेल्या दोन सुती साड्या, एक धोतर आणि पिशवीभर पिंजलेला कापूस होता. त्यांच्याच वावरातला.

"नात झाली मले," त्या म्हणाल्या. "सव्वा महिन्याची हाय. दुकानातली रजई नाही पाहिजे, त्याच्यात काय भरते काय मालूम. हा कापूस म्या माह्या हातानं निवडला."

मी त्यांना मावशी म्हणायला लागले. काम शुक्रवारी द्यायचं ठरलं.

हातानं पिंजलेला कापूस सगळीकडे सारखा बसत नाही. कुठे पातळ राहतो, कुठे गोळा होतो. मी जपून मशीन फिरवत होते. गुरुवारी दुपारी शेवटचा कोपरा राहिला असताना मावशी एक दिवस आधीच दारात उभ्या राहिल्या. बहिणीकडे आल्या होत्या, तांड्याकडे जाणारी जीप मिळाली होती, ती बाहेर थांबलेली. "होत आलं ना वो बाई? हेच घेऊन जातो," म्हणाल्या. जीपवाला हॉर्न वाजवत होता. मी हात जरा जोरात नेला, सुई कापसाच्या गोळ्यात शिरली आणि टक् झालं.

सुईचा बुंधा मशीनमध्येच अडकून राहिला होता. एक लांब तुकडा कापडावर पडला होता. मी दोन्ही काढून डबीत टाकले, नवी सुई लावली, कोपरा पुरा केला. खालून पाहिलं तर त्या कोपऱ्यात दोन-चार फासे लोंबत होते. वरच्या टेन्शनची चकती अर्धा फेरा आवळली, तेवढा भाग उसवून पुन्हा शिवला, कडा दुमडून दिल्या आणि गोधडी मावशींच्या हातात ठेवली.

तुकडे जुळवले नाहीत. गडबडीत विसरले, असं पुढे मी चार जणांना सांगितलं. ते खरं नव्हतं. मला आठवलं होतं. पण बाहेर हॉर्न वाजत होता.

रविवारी सकाळी मी शेजारच्या गल्लीतल्या एका शिक्षिकेची डबल बेडची गोधडी चढवली. दहा मिनिटं शिवून खाली वाकून पाहिलं तर पाठीवर फासेच फासे. बोट घातलं तर अडकेल एवढे मोठे. मी दोरा काढून पहिल्यापासून ओवला. सुई बदलली. बॉबिनची डबी काढून तिच्या पातळ पट्टीखाली लग्नपत्रिकेचा कोपरा फिरवला, अडकलेली कापसाची कुसं काढली. डबी दोऱ्यानं लटकवून पाहिली, ती हळूहळू सरकत खाली आली. म्हणजे खालचं टेन्शन ठीक होतं. मग वरची चकती आवळत गेले. पाव फेरा, अर्धा, एक. शेवटी दोराच तुटला. तरी फासे काही जाईनात. एक गोष्ट मात्र विचित्र होती. मशीन उजवीकडे नेली की टाका सुरेख पडायचा, डावीकडे नेली की खाली फासे.

म्हटलं, सुईचा नंबर चुकला असेल. आधीच्या सुया कोणत्या नंबरच्या होत्या ते पाहावं म्हणून तुटक्या सुयांची डबी वर्तमानपत्रावर उपडी केली. गुरुवारचा तुकडा वरच होता. मी तो उचलला. मशीनच्या सुईचं नेढं टोकाशी असतं. या तुकड्याला नेढं अर्धंच होतं. त्याच्या खालचं टोक नव्हतं.

बुंधा शोधला, दोन्ही जुळवले, नव्या सुईशेजारी ठेवले. तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढं अंतर रिकामं राहिलं.

मी जमिनीवर बसले. आधी फरशी हातानं चाचपली, मग कुंच्यानं झाडली, कचरा कागदावर पसरून पाहिला. नव्हतंच. तोवर माझ्या डोळ्यांसमोर ती गोधडी येऊन उभी राहिली होती आणि तिच्यावर दीड महिन्याचं लेकरू. पोलादाचं टोक. कापसातून आज नाही तर उद्या वर येणार. लेकरू हात-पाय झाडणार, तोंड घासणार. डोळा. 

त्यानंतर मनात आलेली गोष्टही सांगितली पाहिजे. कोणाला काय कळणार, असं मला वाटलं. तांडा लांब, गोधडी दिली, काम संपलं. टोक कदाचित रस्त्यावर झाडून गेलं असेल. गप्प राहिले तर काहीच होणार नाही. मी एवढा विचार केला, पुरता केला, आणि मग स्वतःचीच भीती वाटली म्हणून उठून मावशींना फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. सहा वेळा लावला.

माझ्या नवऱ्याचं टू-व्हीलर दुरुस्तीचं दुकान घराला लागूनच आहे. मी दारात जाऊन उभी राहिले.

"काय झालं वं?" तो म्हणाला. "तोंड काहून असं पांढरं पडलं?"

"सुईचं टोक नाही सापडून राह्यलं. त्या बोरी अरबच्या लेकराच्या गोधडीत असन."

"असन का हाय?"

"मालूम नाही."

त्यानं पाना खाली ठेवला. नट-बोल्ट उचलायचं त्याचं एक चुंबक आहे, लांब दांडीचं. ते डिकीत टाकलं. "मंग चाल ना. उभी कायले राह्यली?"

आम्ही दारव्ह्यावरून बोरी अरबकडे निघालो. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता, वेचणाऱ्या बाया ओळीनं वाकलेल्या दिसत होत्या. मी मध्ये मध्ये फोन लावत होते. एकदा रिंग गेली आणि लगेच कट झाली. गाडी खड्ड्यात आदळली की मला वाटायचं, आत्ताच. आत्ता त्या लेकराला टोचलं.

मावशी ओसरीतच भेटल्या. तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मला पाहून हसल्या.

"तू इकडं कशी वो बाई? काही राह्यलं का?"

"मावशी, लेकरू कुठं हाय?"

"झोपली हाय. काहून?"

"कशावर झोपली?"

"तुह्याच गोधडीवर ना. कालपासून लय रडून राह्यलती. आत्ता डोळा लागला तिचा."

"तिले उचला," मी म्हटलं. "आधी उचला, मंग सांगते."

माझा आवाज ऐकून त्यांची सून आतून बाहेर आली. विशी-बाविशीची असेल. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता आत धावली. लेकरू उचललं तसं ते किंचाळून रडायला लागलं. मी उंबऱ्यातच उभी राहून सगळं सांगितलं. सुई तुटली, टोक सापडलं नाही, गोधडीत असू शकतं. सासू-सून आपापसात गोरबोलीत, त्यांच्या बंजारा भाषेत, बोलायला लागल्या. फार भरभर. मला फक्त ‘सुई’ आणि ‘छोरी’ एवढेच शब्द कळत होते.

सुनेनं लेकराचे कपडे काढले. उजेडात धरून पाठ पाहिली, मान पाहिली, पोट पाहिलं. उजव्या मांडीच्या मागं एक लाल ठिपका होता. मधोमध बारीक टोचल्यासारखा. थोडा सुजलेला.

सुनेनं मान वर केली. "तुमाले मालूम होतं का, देताना?"

"पाह्यलं नव्हतं," मी म्हटलं. "पाहायले पाहिजे होतं."

 शेजारच्यांची गाडी निघाली, सून आणि मावशींचा मुलगा लेकराला घेऊन दारव्ह्याला दवाखान्यात निघाले. मीही पाय पुढे टाकला, तर सुनेनं आतून गाडीचं दार ओढून घेतलं. माझा नवरा त्यांच्या मागं गाडी घेऊन गेला. अंगणात मी आणि मावशी दोघीच उरलो.

मावशींनी मला पाणी दिलं नाही. मी मागितलंही नाही. गोधडी अंगणात पांढऱ्या धोतरावर पसरली. साडीची सेफ्टी पिन काढून आधी कापसात दाबली आणि वरून चुंबक फिरवून पाहिलं. कापड वर उचललं गेलं, पिन आतून चुंबकाला चिकटली. म्हणजे चुंबक ओढत होतं. मग बोटाबोटाच्या अंतरानं सगळ्या गोधडीवरून फिरवलं, उलटी करून पुन्हा फिरवलं. काहीच आलं नाही. टोक एवढंसं, कापसाच्या जाड गोळ्यात असलं तर चुंबकाची ओढ पोचली नसेल, असं वाटलं. मी कडेची शिवण उसवली. चार दिवस खपून काढलेल्या वेली ब्लेडनं कापत गेले.  मावशी समोर येऊन बसल्या आणि कापसाचा एकेक पुंजका हातात घेऊन दोन बोटांनी विंचरायला लागल्या.

"तुमी नका करू," मी म्हटलं. "टोचन."

"टोचू दे," त्या म्हणाल्या. "मले टोचलं तर सापडलं तरी म्हणता येईन."

तीन तास आम्ही तसा कापूस विंचरला. फोनला रेंज नव्हती. गाडीचा आवाज आला की दोघींचे हात थांबायचे. गाडी पुढे गेली की पुन्हा सुरू व्हायचे. मी मनातल्या मनात दवाखान्यातलं सगळं पाहत होते. तो ठिपका, त्याच्यावर डॉक्टरांचं बोट, आणि टोक आत आत सरकत चाललेलं. कोणी तरी सांगितलं होतं की शिरलेली सुई अंगात फिरते. खरं-खोटं माहीत नाही, पण त्या दुपारी माझा त्यावर पुरता विश्वास बसला होता. सगळा कापूस संपला. धोतरावर सरकीची चार टरफलं आणि एक काडी निघाली. टोक नव्हतंच.

मावशींनी रिकाम्या साड्यांकडे पाहिलं. "म्हणजे पोट्टीच्या आंगातच हाय," त्या म्हणाल्या. 

ऊन उतरताना दोन्ही गाड्या आल्या. माझा नवरा आधी उतरला आणि लांबूनच हात हलवला. पण तो हात काय सांगतोय तेच मला समजेना. जवळ येऊन म्हणाला, "काहीच नाही. सगळ्या आंगाचा एक्सरे काढला. सुई नाही." मांडीवरचा ठिपका मुंगी चावल्याचा होता. रडत होती ती पोटात वारा धरल्यामुळे. डॉक्टरांनी थेंब दिले होते आणि लेकरू आईच्या खांद्यावर शांत झोपलं होतं.

मावशींनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी हसायला पाहिजे होतं, पण हसू आलं नाही. कारण टोक तर अजून कुठे तरी होतंच. खाटेवर, जमिनीवर, दुसऱ्या कपड्यात. सून आत गेली आणि घरातले सगळे कपडे अंगणात आणून झटकायला लागली. एकेक, दोनदा, उलटे करून. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. उसवलेल्या साड्या आणि कापूस मी गाठोड्यात बांधला. "पुन्हा शिवून आणते," म्हटलं. कोणी हो म्हटलं नाही, कोणी नाही म्हटलं नाही.

सोमवारी मला मशीनला हात लावायची हिंमत होईना. शिक्षिकेची गोधडी तशीच चौकटीवर ताणलेली होती. दुपारी शेवटी मी नागपूरच्या मेकॅनिकला फोन केला. सुईचं सांगितलं नाही, लाज वाटत होती. नुसतं फाशांचं विचारलं.

"डावीकडे नेल्यावरच येतात?" त्यानं विचारलं.

"हो. उजवीकडे एकदम चांगला टाका पडते."

"मग वरच्या टेन्शनला हात कशाला लावता? टेन्शन बिघडलं असतं तर दोन्हीकडे बिघडलं असतं. तुमचा वरचा दोरा हुकमध्ये कशाला तरी अडकतोय. सुई तुटली होती का मध्ये?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ताई, तुटली होती का?"

"हो."

"मग बॉबिनची डबी काढा, हुक हातानं फिरवा आणि टॉर्च मारा. मी फोनवर आहे."

बॉबिनभोवती फिरतं ते हुक. दर टाक्याला वरचा दोरा पकडून डबीभोवती फिरवून आणतं. मी डबी काढली. आत कापसाची कुसं दाबून नमद्यासारखी झाली होती. टॉर्च दातात धरली, चिमट्यानं कुसं ओढायला लागले. चिमटा दोनदा खाली पडला. हुक थोडं फिरवलं, पुन्हा ओढलं. एक राखाडी पुंजका निघाला आणि त्यात काही तरी चमकलं. मी तो पुंजका तळहातावर घेऊन चुंबक जवळ नेलं. टोक उडून चुंबकाला चिकटलं.

"ताई? मिळालं का?"

 शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या नवऱ्यानं फोन घेतला आणि मिळालं म्हणून सांगितलं.

तिन्ही तुकडे मी पांढऱ्या कागदावर नव्या सुईशेजारी ठेवले. लांबी पुरी भरली. तरी मी ते पुन्हा पुन्हा जुळवत राहिले. हुकच्या कडेवर एक ओरखडा पडला होता. मेकॅनिकनं सांगितल्याप्रमाणे तो अगदी बारीक पॉलिश कागदानं घासून गुळगुळीत केला, तेलाचा एक थेंब सोडला, आवळलेली चकती परत सैल केली आणि चिंधीवर शिवून पाहिलं. उजवीकडे, डावीकडे, गोल. खाली एकही फासा नव्हता.

फोन लागला तेव्हा मावशींना टोक सापडल्याचं कळवलं. त्या फक्त "बरं झालं" म्हणाल्या. मग मी त्यांचाच कापूस पुन्हा पिंजून आणला, थरावर थर चाचपून सारखा बसवला, आणि तीन दिवस लावून गोधडी नव्यानं शिवली. या वेळी वेली काढल्या नाहीत. साध्या सरळ ओळी टाकल्या, दर ओळीनंतर मशीन थांबवून सुई पाहिली.

तांड्यावर गेलो तेव्हा सून लेकराला पाजत बसली होती. मी गोधडी खाटेवर ठेवली आणि नव्या सुईशेजारी तुकडे चिकटवलेला कागद तिच्या हातात दिला. तिनं लेकरू सासूकडे दिलं. कागद उजेडात धरून नखानं लांबी मोजली. मग गोधडी पसरून तिच्यावरून तळहात फिरवायला लागली. दाबून दाबून, एका कोपऱ्यापासून. पुरी झाल्यावर उलटी केली आणि पुन्हा. मग गाल टेकवून. अर्धा तास तरी गेला असेल. मी उभीच होते.

"छोरी इच्यावर नाही झोपणार," शेवटी ती म्हणाली. माझा चेहरा उतरला असेल, कारण तिनं लगेच पुढे म्हटलं, "आठ रोज मी झोपते. मंग पाहू."

"तू कायले? मी झोपतो," मावशी म्हणाल्या.

"नाही. मीच."

मावशींनी चहा ठेवला. आम्ही प्यालो आणि निघालो.

ते आठ दिवस मी रोज सकाळी फोनकडे पाहत होते. स्वतःहून लावायचा धीर नव्हता. ती बाई माझ्या हातच्या गोधडीवर कूस बदलते आहे, हे मनातून जात नव्हतं. टोक सापडलंय, कागदावर जुळलंय, हे मला माहीत होतं. पण भीती काही त्यानं ऐकत नव्हती. अजून एखादा कण असेल, जुळवताना माझीच नजर चुकली असेल.

नवव्या दिवशी दुपारी फोन वाजला. नंबर तांड्याचा होता. मी मशीन बंद केली, पण फोन उचलायला हात पुढे होईना. नवऱ्यानं उचलला. थोडं ऐकलं, "सांगतो," म्हणाला आणि ठेवला.

"लेकरू झोपलं म्हणे. दोन तास झाले."

"कशावर?"

"गोधडीवरच ना."

मी स्टुलावर बसले. तासभर कशीबशी थांबले आणि मग स्वतः फोन लावून विचारलं, उठली का. फोन सुनेनं घेतला होता.

"नाही उठली," ती म्हणाली. मग पहिल्यांदाच माझ्याशी हसली. "तुमी आता तिले झोपू द्या ना."